चैतरामभाऊंच्या घरचा तिसरा माणूस

रेडिओवर बातम्या सुरू होण्याआधी चैतरामभाऊ बिसेन कोटाची सगळी बटणं लावत, डोक्यावर टोपी ठेवत आणि खाटेवरून पाय खाली घेऊन ताठ बसत. बातम्या सांगणाऱ्याने पहिलं वाक्य उच्चारलं की हात जोडून म्हणत, "राम राम जी." बातम्या संपल्या की पुन्हा हात जोडत. "या मंग. लय बोलले. पानी-गिनी पिऊन घ्या."

गोंदियाच्या मे महिन्यातही यात फरक पडत नसे. घामाने त्यांच्या कोटाची पाठ भिजलेली असे. मी एकदा न राहवून विचारलं, "भाऊ, इतक्या उकाड्यात कोट कशाला?"

"बाई, तो मानूस दिल्लीवरून बोलून रायला अन् मी उघड्या अंगानं बसू? तुमी शिकल्यासवरल्या. तुमाले तरी समजाले पायजे."

"पण त्याला तुम्ही दिसत नाही. त्याला तुमचं ऐकूही येत नाही."

"त्याले येत नाही, ते मले मालूम हाये," चैतरामभाऊ शांतपणे म्हणाले. "पन मले तर त्याचं ऐकू येते ना?"

मीही नकळत पदर सारखा केला आणि ताठ बसले.

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत की आमच्या तरुणपणी टीव्ही नव्हता, हातात मावणारे पडदे नव्हते, तेव्हा घरातली माणसं संध्याकाळी एकमेकांशी पुष्कळ बोलत असतील, नाही का? मी पटकन 'हो' म्हणणार होते. तेवढ्यात चैतरामभाऊ आठवले आणि 'हो' तोंडातच राहिलं. म्हणून हे सगळं क्रमाने लिहून पाठवते आहे.

स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं. तुमचे आजोबा तिथल्या शाळेत शिकवत. मी नागपूरहून लग्न होऊन आले आणि मुलींच्या शाळेत लागले. त्यामुळे आख्खा मोहल्ला मला 'बाई' म्हणे. मुर्रीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं घर. विजेचा शेवटचा खांब आमच्या दारात होता. पलीकडे चैतरामभाऊंचं कौलारू घर, आणि त्याच्या मागे त्यांच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची शेतं. म्हणजे वीज आमच्यापर्यंत येऊन थांबली होती आणि अंधार त्यांच्यापासून सुरू होत होता.

चैतरामभाऊ साठीला आलेले, उंच, काटक. आवाज असा की बांधीतून बैलाला हाक मारली तर आमच्या चुलीवरचं झाकण वाजावं. बायको वारलेली. एकुलता मुलगा टेकचंद रेल्वेच्या छोट्या लाइनवर, म्हणजे नॅरोगेजवर, नैनपूरला नोकरीला. त्याला तिथे राहायला क्वार्टर मिळालेलं नव्हतं, म्हणून त्याची बायको कौसल्या सासऱ्याजवळ गोंदियाला राहत होती. टेकचंद सुट्टी मिळेल तसा येई.

आता खरी अडचण सांगते. त्यांच्याकडे सून सासऱ्याशी बोलत नसे. समोर आली तर डोक्यावरून पदर हनुवटीपर्यंत, आणि तोंडातून शब्द नाही. सासराही सुनेशी थेट बोलत नसे. घरात शिरताना तो अंगणातूनच खाकरायचा, म्हणजे ती आत निघून जायची. सासू होती तोवर काही अडत नव्हतं. याचं तिला, तिचं याला, असं ती दिवसभर पोहोचवत राही. टेकचंदच्या लग्नानंतर वर्षभरातच सासू गेली, आणि एका घरात दोन माणसं उरली, ज्यांनी एकमेकांशी बोलायचं नव्हतं.

चैतरामभाऊंनी आधी गाईच्या मार्फत प्रयत्न केला. गोठ्यात उभं राहून मोठ्याने म्हणायचे, "कपिले, आज भाजी खारट झाली होती का वो?" मग दाराच्या चौकटीला सांगून पाहिलं. एकदा मी त्यांना मांजराशी बोलताना ऐकलं, "सांग घरात, मी बिरसीले जाऊन रायलो, सांजच्याले येतो." मांजर बिचारं भिंतीवरून उडी मारून आमच्याकडे आलं. ही तिघंही ऐकून घेत, पण पुढचं काही बोलत नसत. त्यामुळे कौसल्येला जवाब द्यायला तोंड फुटत नसे. मुक्या जनावराला सुनेने उत्तर देणं तिला बरं वाटत नव्हतं.

अशात एका वर्षी धान चांगलं पिकलं आणि चैतरामभाऊ रेडिओ घेऊन आले. बॅटरीवर चालणारा सेट. बॅटरी विटेएवढी. छपरावर दोन बांबू रोवून तार बांधली. लोकांना त्यांनी सांगितलं, "पान्यापावसाचं समजते जी. कास्तकाराले पायजे." सपरीतून, म्हणजे पुढच्या ओसरीतून, स्वयंपाकघरात जायचं जे दार होतं, त्याच्या शेजारच्या कोनाड्यात त्यांनी रेडिओ ठेवला. मला ती जागा चमत्कारिक वाटली. रेडिओ दिवाणखान्यात दिसेल असा ठेवतात, दाराआड नाही.

काही दिवसांनी मी दही मागायला गेले तेव्हा त्या जागेचा उलगडा झाला. चैतरामभाऊ कोट घालून सपरीत जेवायला बसले होते. रेडिओवर कुठल्याशा परदेशातल्या परिषदेची बातमी चालू होती. ती चालू असतानाच चैतरामभाऊ नम्रपणे म्हणाले, "रेडिओबुवा, लाखोरीच्या दाळीत आज मीठ कमी पडलं का जी?"

दाराआड बांगड्या वाजल्या. मग एक बारीक, पण अगदी ठाम आवाज आला, "रेडिओजी, सांगा त्यायले, मीठ ताटातच डाव्या अंगाले ठेवलं हाये. दिसत नसन तं चष्मा लावा म्हणा."

"चष्मा कोठी हाये, इचारा."

"डोक्यावर हाये म्हणा."

चैतरामभाऊंनी टोपीखाली हात घातला. चष्मा निघाला. परिषदेत दोन्ही बाजूंची बोलणी फिसकटल्याचं रेडिओ सांगत होता.

घरी येऊन मी तुमच्या आजोबांना हे सांगितलं तेव्हा ते जेवता जेवता उठून हसायला अंगणात गेले. मात्र हसून परत आल्यावर ते आमच्या रेडिओचा कान पिळून बसले, आणि आमच्या घरात नेहमीसारखी शांतता पसरली. आमच्याकडे विजेवर चालणारा सेट होता. तो येण्यापूर्वी जेवताना शाळेतल्या गमती, सासूबाईंच्या माहेरच्या गोष्टी, भांडणं, सगळं व्हायचं. रेडिओ आल्यापासून "शूऽऽ" हा आमच्या घरातला सर्वांत जास्त वापरला जाणारा शब्द झाला. सासूबाई म्हणायच्या, "त्या पेटीतल्याला घरचे सगळे ऐकतात. मी काय पेटीत जाऊन बसू?"

एकाच वस्तूने शेजारशेजारच्या दोन घरांत इतकी उलटी कामं केलेली मी पुन्हा पाहिली नाही.

चैतरामभाऊंच्या घरी संभाषणाचे कडक नियम होते. रेडिओ चालू असेल तरच बोलायचं. बॅटरी महाग, म्हणून बातम्या आणि संध्याकाळचा शेतकऱ्यांचा कार्यक्रम एवढाच वेळ तो लागे. दिवसभराचं बोलणं दोघं त्या वेळेसाठी साठवून ठेवत. खताची माहिती देणारा सपरीत आणि स्वयंपाकघरात काय काय निरोप वाहून नेतो आहे, याची त्या भल्या माणसाला कल्पना नव्हती.

भांडणंही त्याच्याच मार्फत. एकदा कौसल्येने सासऱ्याचा बिड्यांचा कट्टा लपवला.

"रेडिओबुवा, कट्टा कोनी उचलला, इचारा जरा."

"रेडिओजी, खोकला थांबला का कट्टा दिसन म्हणा."

"हे घर कोनाचं हाये, इचारा!"

"घर त्यायचंच हाये. खोकला पन त्यायचाच हाये. रातभर ऐकाचं मात्र आमाले."

खट् आवाज झाला. चैतरामभाऊंनी रेडिओ बंद केला होता. वादात हरायची वेळ आली की ते हेच करत. सपरीत मला पाहून म्हणाले, "बॅटरी वाचवाले पायजे, बाई."

बॅटरी उतरत आली की मोठी मौज व्हायची. रेडिओचा आवाज खोल खोल जाऊ लागे, आणि या दोघांची धांदल उडे. "पाटील येनार हायेत उद्या, दोघांचं जेवन!" "तेल संपलं हाये!" "टेकचंदची चिठ्ठी आली, बरा हाये!" "कपिला दूध देऊन नाही रायली!" मग रेडिओ गप्प होई आणि वाक्य अर्धं तुटे. नवी बॅटरी नागपूरहून यायला दिवस लागत. तोवर घर मुकं.

अशाच एका मुक्या आठवड्यात चैतरामभाऊ सकाळीच आमच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. कोट नव्हता, टोपीही नव्हती.

"बाई, जरा घरी येऊन पाहा ना. पोरगी कालपासून उठली नाही. ताप हाये का काय, समजत नाही."

"तुम्ही विचारलं नाही तिला?"

"कसा इचारू? रेडिओ बंद हाये."

"अहो, बंद असला तरी काय झालं? त्याच्याकडे तोंड करून विचारायचं."

चैतरामभाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू शिकलेल्या माणसाकडून त्यांची ही अपेक्षा नव्हती. "बंद रेडिओसंग बोलाले मी काय पागल हावो का जी?"

कौसल्येला चांगलाच ताप होता. मी डॉक्टरांना बोलावलं, औषध दिलं. ती झोपली तशी बाहेर आले. चैतरामभाऊ सपरीत खाटेच्या काठावर बसले होते. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "मायी बायको गेली ना बाई, त्यानंतर हे पोरगी पीठ मळता मळता आपल्याच संग बोले. एकटीच. मी आंगनातून ऐकलं. मले भेव वाटला. वीस वर्साची पोरगी, दिवसभर भिंतीसंग रायते. घरात कोनी तं बोललं पायजे ना. पानीपाऊस तं मले आभाळाकडं पाहून बी समजते."

पुढच्या वर्षी टेकचंदला नैनपूरला क्वार्टर मिळालं. तो बायकोला न्यायला आला. निघायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघं भेटायला गेलो. रेडिओ चालू होता. सामानाच्या गोष्टी निघाल्या, तसे चैतरामभाऊ कोनाड्याकडे तोंड करून म्हणाले, "रेडिओबुवा, यायले सांगा, तुमी पन जाऊन रायले त्यायच्यासंग."

टेकचंद वैतागला. "बाबूजी, मी इथंच बसून रायलो ना. मले सिद्धं सांगा. अन् रेडिओ काऊन नेऊ? तुमी एकटे. तुमाले लागते."

"तुयी ड्यूटी रात-बेरात. ते पोरगी परमुलखात कोनाले ओळखत नाही. तिले कोन बोलन?"

दाराआडून बांगड्या वाजल्या. नेहमीचा ठाम आवाज आज तसा नव्हता. "रेडिओजी, मामाजीले इचारा, मंग मामाजीसंग कोन बोलन?"

रेडिओ सांगत होता की उद्या हवा कोरडी राहील. चैतरामभाऊ उठले आणि त्यांनी तो बंद केला.

दुसऱ्या दिवशी सामान बैलबंडीत चढलं. रेडिओ दुलईत गुंडाळून, बॅटरी वेगळी बांधून, चैतरामभाऊंनी स्वतः मांडीवर घेतला. मी पोचवायला स्टेशनवर गेले. छोट्या लाइनचे डबे बुटके, खिडक्या खांद्याच्या उंचीला. कौसल्या खिडकीशी बसली. पदर हनुवटीपर्यंत. रेडिओ तिच्या बाजूला बाकावर ठेवला. चैतरामभाऊ फलाटावर, नेमाप्रमाणे जरा लांब, तोंड फिरवून उभे राहिले.

गार्डाने शिटी वाजवली. तेवढ्यात खिडकीतून आवाज आला. मधे कोणी नव्हतं.

"मामाजी, धान निघालं का याल ना आमच्या घरी?"

चैतरामभाऊंनी दचकून मागे पाहिलं, पुढे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं, आणि सिग्नलकडे बघू लागले. टेकचंद सामान ठीक करण्यात गुंतला. गाडी हलली.

छोटी लाइन सुरुवातीला चालत्या माणसाच्या बरोबरीने जाते. चैतरामभाऊ खिडकीसोबत चालू लागले, मग भरभर, मग जवळजवळ पळत. फलाट संपत आला तेव्हा त्यांचा तो बैलाला हाक मारायचा आवाज सगळ्या स्टेशनने ऐकला.

"येतो ना बेटी! येतो! नक्की येतो!"

गाडी गेली. ते हळूहळू परत आले. धाप लागली होती आणि चेहरा एखादा अवघड हिशोब अचानक सुटल्यासारखा दिसत होता.

"बाई," ते म्हणाले, "लय सोपं होतं जी हे."

मी म्हटलं, "चला भाऊ, घरी जाऊ."

चैतरामभाऊ फलाटावरच्या बाकावर बसले. पुढच्या गाडीची वाट बघणारी माणसं आजूबाजूला होती. कोणी भांडत होतं, कोणी पोराला हाका मारत होतं, दोन म्हाताऱ्या हिंदीत सुनांविषयी बोलत होत्या.

"तुमी व्हा पुढं," ते म्हणाले. "मी बसतो जरासा. इथं मानसं बोलून रायली."