डाव्या बाजूची काच

गाडीच्या काचांना काळी फिल्म लावली की भर वैशाखातही गाडीचा फ्रीज होतो, असं गुरुदासबाबांचं ठाम मत होतं. ते सिद्ध करायला त्या शनिवारी त्यांनी वाटीभर लोणी गाडीत ठेवलं.

गाडी उभी होती मालवणात, ग्रंथालयासमोर. सावलीचं नावही नाही अशी जागा बाबांनी मुद्दाम निवडली होती. त्यांची मुलगी ऋता त्या ग्रंथालयात कामाला. देवबागहून तिला सकाळी सोडायचं आणि संध्याकाळी आणायचं, हा बाबांचा निवृत्तीनंतरचा उद्योग. शनिवारी तिची सुट्टी लवकर व्हायची, म्हणून ते बंदरावर जुन्या दोस्तांत गप्पा मारत थांबले होते. दुपारी दोघं गाडीपाशी आली तेव्हा बाबांनी दार असं उघडलं, जसा आचारी पंगतीसमोर पातेल्यावरचं झाकण काढतो.

लोणी वाटीभर सपाट पसरलं होतं.

"तूप झालां," ऋता म्हणाली.

"तूप खंय? पातळ झालां. तूप कढवचा लागता." बाबांनी वाटी डोळ्यांजवळ नेऊन निर्वाळा दिला. साध्या काचेच्या गाडीत एव्हाना ते करपलं असतं, हेही सांगितलं.

ऋताने या विषयावर वाचून ठेवलं होतं. वाचल्याशिवाय ती कशालाच नाही म्हणत नसे. बंद गाडी तासन्‌तास उन्हात उभी राहिली तर फिल्म असो वा नसो, ती तापणारच. फिल्मचा काय तो उपयोग गाडी चालू असताना, एसीला थोडा हात द्यायला. त्यातही बरंचसं काम पारदर्शक फिल्मनेही होतं, काळीच हवी असं काही नाही. हे सगळं तिने बाबांना मुद्देसूद सांगितलं.

बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "पुस्तकातल्या गाडयेत तू कधी बसलंस काय? ह्या गाडयेत बसतंस मा? मगे सांग, चलताना थंड लागता की नाय?"

अर्ध्या वाटेवर त्यांनी ते पुन्हा विचारलं. खरं तर लागत होतं. पण एवढं वाचून हरायचं म्हणजे काय!

"ढग इले होते," ती म्हणाली.

आकाशात ढग औषधालाही नव्हता. बाबा नुसते हसले.

देवबागला जाणारा रस्ता एकच. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर सगळं गाव. कुणीही कुठेही निघालं तरी सगळ्यांच्या दारावरूनच जाणार, आणि जाताना 'खंय चललांत?' याला उत्तर देणार. न बघता पुढे जाणं म्हणजे भांडण काढणं. अशा गावात काळ्या काचेची गाडी फिरू लागली तेव्हा पहिल्याच आठवड्यात यशोदाकाकीने जाहीर केलं की गुरुदासाला गर्व झाला आहे. कुणी म्हणालं, गोव्याहून बाटल्या आणतो. कुणी म्हणालं, डोळ्यांचं ऑपरेशन केलंय आणि लपवतोय. मालवणात पोलिसाने अडवलं. आत डोकावल्यावर त्याला शेवग्याच्या शेंगा आणि पुस्तक वाचणारी ऋता दिसली. त्याने काचा नियमात नाहीत एवढं बजावून सोडून दिलं. पण तोवर 'गुरुदासाक पोलिसांनी धरल्यानी' ही बातमी गाडीच्या आधी देवबागला पोचली होती.

यावर बाबांनी काढलेला उपाय असा : प्रत्येक घरापाशी आपल्या बाजूची काच खाली करायची, हात बाहेर काढायचा आणि "मीच आसंय, दुसरो कोण नाय" असं सांगून काच वर करायची. घर संपेपर्यंत दुसरं घर यायचं. गाव ओलांडेपर्यंत गाडीतला सगळा गारवा गावात वाटून व्हायचा.

डावीकडची, म्हणजे ऋताच्या बाजूची काच मात्र कधी खाली यायची नाही. तिचा हात बटणाकडे गेला की बाबा म्हणायचे, "तुझी नको गो. थंडाई जाता." त्यांच्या काचेतून बहुधा जात नसावी.

ऋताच्या मनात संशय शिरला तो इथून.

दिवाळीनंतर ती पुण्याहून सामान घेऊन आली होती. बाबांना म्हणाली होती, काही दिवस राहीन. ते काही दिवस संपले नव्हते आणि बाबांनी एका शब्दाने विचारलं नव्हतं. शिमगा झाला आणि ते कुडाळला जाऊन काचा काळ्या करून आले. उकडतं म्हणून. पण उकडतं कुणाला? सकाळी मालवणला जाताना ऊन उजवीकडून, संध्याकाळी परत येतानाही उजवीकडूनच. म्हणजे दोन्ही वेळा चालवणाऱ्याच्या अंगावर. डावी बाजू बिचारी सावलीत. आणि सगळ्यांत काळी फिल्म नेमकी डाव्या काचेला! हिशेब कसाही मांडला तरी उत्तर एकच येत होतं. नवऱ्याला सोडून आलेली मुलगी गावाला दिसू नये. बाबांना तिची लाज वाटत होती.

तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर ते खरं बोलले असते, आणि तेच तिला नको होतं.

त्या शनिवारी रात्री दोघांनी ते पातळ लोणी भाकरीवर घालून खाल्लं. चांगलं लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा चहाचा कप घेऊन ओट्यावर बसले, ते उठले नाहीत.

दहाव्याला सगळी खाडीच्या काठी जमली. पिंगुळीहून बाबांची थोरली बहीण, अक्का, आली होती. तिच्या गुडघ्यांना वाळू तुडवणं जमेना, म्हणून ऋताने गाडी सुरूच्या झाडांपर्यंत आणली आणि तिला तिथेच खुर्ची दिली. विधीला मुंबईचा पुतण्या प्रीतम बसला. भटजींना तारकर्लीत आणखी एक काम होतं. ते मंत्रांच्या मधून मधून घड्याळ बघत होते.

पिंड ठेवले. सगळी मागे सरली.

देवबागचे कावळे एरवी हातातला मासा पळवतात. त्या दिवशी एकही फिरकेना. बऱ्याच वेळाने एक आला, पिंडाभोवती चालला, मान वाकडी करून भात बघितला आणि उडून थेट गाडीच्या डाव्या आरशावर जाऊन बसला. शेजारच्या काळ्या काचेत त्याला दुसरा कावळा दिसला. याने चोच मारली. त्यानेही मारली. मग जी जुंपली, ती सरपंचाच्या निवडणुकीतही जुंपत नाही.

"जीव गाडयेत अडाकलो," यशोदाकाकीने निदान केलं.

प्रीतम हात जोडून पुढे झाला. "काका, गाडी विकूचंय नाय. शप्पत." हे वचन इतक्या तत्परतेने आलं की गाडी विकायचं कधी ठरलं होतं, असा संशय ऋताला आला. कावळ्यालाही आला असावा, त्याने टोचणं वाढवलं.

मग एकेक वचन निघू लागलं. कोणी काजूची झाडं सांभाळायला तयार झालं, कोणी बांधाचा वाद मिटवायला. कुणीतरी म्हणालं, गाडीतच काहीतरी ठेवलेलं असणार. प्रीतमने मागचं झाकण उघडून बघितलं. आत छत्री आणि दोन शहाळी निघाली. सगळ्यांची तोंडं पडली, आणि पडलेली तोंडं हळूहळू ऋताकडे वळली. जावई दहाव्यालाही आला नव्हता. इच्छा कुठे अडकली असेल हे आता कुणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांना कळलेलं होतं.

ऋतालाही. आपल्यामुळेच बाबा भाताला शिवत नाहीत, असं तिच्या मनाने घेतलं. इतकी पुस्तकं वाचलेली बाई, पण त्या क्षणी एका कावळ्याच्या चोचीकडे निकालाकडे बघावं तशी बघत होती.

भटजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. तसं करतात. तो पिंडाला लावायचा आणि पुढे जायचं.

"गवताचो कावळो माज्या भावाक नको," अक्का खुर्चीतून म्हणाली. "खरोच होयो."

ऋता तिच्यापाशी वाकली. हळूच म्हणाली, "अक्का, त्यांका माजी लाज वाटायची. म्हणान केल्यानी काळी काच."

अक्काने तिच्याकडे असं बघितलं, जणू हीच खुळी आहे.

"लाज? अगो, तो माका फोनार बोल्लो, चेडू गाडयेत पुस्तक उघडून बसता, पण वाट संपली तरी पान परतणा नाय. लोक वाकान वाकान बघतत, जावय खंय म्हणान विचारतत. तिका सांगूचा तेवा ती सांगात, तोपर्यंत मी सावली तरी करतंय." अक्काने पदर सारखा केला. "उकडता म्हणान सांगितल्यान, कित्याक तर दुसरा कायव सांगला तर तू वाद घालशीत. ह्येच्यावरय घातलंस मा?"

ऋता सरळ गाडीकडे गेली, उजव्या दाराने आत शिरून चावी फिरवली आणि दार लावून घेऊन डावीकडे आपल्या जागेवर सरकली.

आतून सगळं दिसत होतं. हातभर अंतरावर कावळा स्वतःशी लढत होता. त्याच्यामागे गाव उभं होतं, कपाळाला आठ्या घालून. तिला मात्र कोणी बघू शकत नव्हतं. बाबांनी करून दिलेली सावली एवढी पक्की होती.

तिने बटण दाबलं. काच खाली गेली. कावळ्याचा शत्रू दारात उतरला आणि नाहीसा झाला. कावळा फटीत वाकून बघत राहिला आणि मग उडाला.

त्याची जागा यशोदाकाकीने घेतली. उघडी काच दिसली की वाकायचं, ही तिची जन्माची सवय. "एकटाच गो? जावय येवक नाय?" विचारलं आणि तिचं तिलाच वाटलं की आज विचारायला नको होतं. पण तोवर तिच्यामागे सगळं गाव वाकलं होतं.

"येवचो नाय, काकी," ऋता म्हणाली. "आमी वेगळी झालो. मी आता हयच रवतलंय."

तेवढ्यात मागून भटजींचा आवाज आला, "शिवला हो, शिवला."

सगळे गर्रकन वळले. पिंड फुटला होता आणि कावळा सुरूच्या फांदीवर चोच पुसत होता. भटजींखेरीज कुणीच बघितलं नव्हतं. गाव सगळं खिडकीत होतं. मग वाद सुरू झाला. प्रीतमच्या मते गाडीच्या शपथेमुळे, काजूवाल्यांच्या मते काजूमुळे. यशोदाकाकी मात्र छातीवर हात ठेवून म्हणाली, "मी विचारलंय म्हणान शिवलो. कोणीतरी विचारूक होया होता." पुढे गावात हेच कायम झालं.

काचेतला शत्रू गेल्यावर त्या कावळ्याला भूक आठवली, एवढं साधं कारण होतं. ऋताने ते कुणाला सांगितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच एक मुद्दा तिने सोडून दिला.

माणसं अंघोळीला खाडीत उतरली. ऊन डोक्यावर आलं होतं. तिने काच वर केली आणि एसी लावला. थोड्या वेळाने उजवीकडच्या रिकाम्या सीटकडे तोंड करून, चांगल्या मोठ्या आवाजात ती म्हणाली,

"बाबा, त्या दिवशी ढग नव्हते. गाडी थंड होती."