भोइटे मास्तर, ओव्हर

भोइटे मास्तर कुठलंही वाक्य 'ओव्हर' म्हटल्याशिवाय संपवत नसत. दुधाच्या बूथवर, "अर्धा लिटर. ओव्हर." भाजीवाल्याला, "भैया, धनिया ताज़ा देना. ओव्हर." सोसायटीतल्या गुप्ताजींचे वडील वारले तेव्हा त्यांच्या खांद्यावर हात ठेवून, "बहुत दुख हुआ. ओव्हर." आणि एकदा ओव्हर म्हटलं की माणूस जागच्या जागी थांबायचा. समोरचा काही बोलेपर्यंत खांबासारखा उभा. गुप्ताजी बिचारे रडायचे थांबले आणि म्हणाले, "जी... थैंक्यू."

फौजेत, सिग्नलमध्ये, वायरलेसच्या सेटपुढे आयुष्य गेलेलं. तिथे आपलं बोलून झालं की ओव्हर म्हणायचं, बटण सोडायचं आणि समोरच्याची वाट बघायची. नोकरी संपली, सवय राहिली. इथवर हसण्यासारखं आहे. पण हा माणूस रिकाम्या घरांशीही असाच बोलायचा. जिना चढताना एखाद्या बंद फ्लॅटच्या दाराशी थांबायचा, "आहे का कोणी? ओव्हर," म्हणायचा आणि वाट बघायचा. त्याच्या मागे जिन्यात आपण असलो तर थोड्या वेळाने आपलेही कान दाराकडे लागलेले असायचे. मग मानेवर काटा यायचा.

माझा या माणसावर राग आहे. तो राग अजून गेलेला नाही, आणि मला त्याची घाईही नाही.

मी विट्याकडचा. गलाईच्या, म्हणजे सोनं गाळायच्या कामाला मिसरूड फुटायच्या आधी चुलत्याबरोबर दिल्लीला करोलबागेत आलो. भट्टीपुढे बसून अंगाचं लाकूड झालं. पुढे देशात नवं वारं सुटलं, केबल आली, नव्या गाड्या आल्या आणि पालमच्या पलीकडे शेतांमधून सेक्टर उगवू लागले. तेव्हा मी भट्टी सोडून फ्लॅटची दलाली धरली. लोक त्या भागाला अजून पप्पनकलां म्हणत. मी पहिल्या दिवसापासून द्वारका म्हणायचो, कारण त्या नावाला भाव होता.

धंद्यात मी एकच मंत्र पाळला. भाव सांगून झाला की गप्प बसायचं. जो आधी बोलला, तो मेला. पंजाबी, जाट, बनिया, सगळ्यांना मी गप्प बसून लोळवलं आहे. एरवी माझं तोंड फार चालतं आणि डोकं त्याहून लवकर तापतं, पण सौद्यात मी दगड.

घरात मात्र दगड दुसरंच कोणी होतं. माझी मुलगी जाई सात वर्षांची झाली तरी एक शब्द बोलली नव्हती. ऐकू नीट यायचं. सांगितलेलं कळायचं. चपला जोडीने लावायची, रंग लावून बटणं मांडायची. पण तोंडातून आवाज नाही. डॉक्टर झाले, देव झाले. शाळेने चांगल्या शब्दांत नको म्हटलं. मी तिच्यापुढे बसून ओरडायचो, "बाबा म्हण. बा-बा!" ती माझ्या शर्टाच्या बटणाकडे बघायची.

भोइटे मास्तरांचा शोध माझ्या बायकोने, सुनंदाने लावला. ते आमच्याच सोसायटीत वरच्या मजल्यावर राहत. छावणीत असताना त्यांनी एका सुभेदाराच्या अशाच मुलाला शिकवून बोलतं केलं होतं म्हणे. मी त्यांना बोलावलं. फी ठरवायची होती. म्हटलं, शेजारच्या सेक्टरमधलाही एक मुलगा आहे, दोघांना एकत्र घ्या, तुमचाही फायदा, माझाही.

"एका वेळी एकच, शेठ. एका लाइनवर दोघं आले की नुसती खरखर. ओव्हर."

मग आपला आकडा सांगितला, ओव्हर म्हटलं आणि थांबले. मीही थांबलो. हा तर माझाच डाव. पंखा फिरत होता. सुनंदा चहा ठेवून गेली, चहावर साय आली. मास्तरांच्या चेहऱ्यावर ना अधीरपणा, ना लोभ. ते खरोखर माझ्या बोलण्याची वाट बघत होते, आणि असं कोणी माझ्याकडे पूर्वी पाहिलं नव्हतं. शेवटी मीच म्हणालो, "ठीक आहे." आयुष्यात पहिल्यांदा मी आधी बोललो. रागाचं पहिलं कलम हे.

त्याचा वचपा काढायला मी त्यांना एक सोफा विकायला गेलो. एक गिऱ्हाईक कॅनडाला जाताना तो माझ्या गळ्यात मारून गेलं होतं. मास्तरांच्या घरात सामान नाही हे सगळ्या सोसायटीला माहीत होतं. दार उघडलं की समोर नुसती फरशी. "घ्या, मास्तर, तुम्हाला म्हणून कमी लावतो." ते म्हणाले, "जागा नाही. ओव्हर." रिकाम्या फ्लॅटमध्ये जागा नाही! कंजूष पुष्कळ पाहिले, पण असा नाही.

आमच्या घरी शिकवणी जमेना. फोन वाजायचा, गिऱ्हाइकं यायची, मी असायचो. मास्तर हात जोडून म्हणाले, "शेठ, तुमच्याकडे फार खरखर आहे. ओव्हर." नंतर ते कुठे शिकवतात हे मी विचारलं नाही. सुनंदा म्हणाली, होतंय सगळं. मी धंद्यात गुंतलो होतो.

आणि त्याच उन्हाळ्यात धंद्याला भूत लागलं.

आमच्या सोसायटीतले निम्म्याहून जास्त फ्लॅट रिकामे होते. मालक कोणी कानपूरचे, कोणी दुबईचे. त्यांच्या किल्ल्या माझ्या घरी खिळ्यांना टांगलेल्या असत. दुपारी लू, तिकडची गरम वाऱ्याची झळ, सुटली की सगळी इमारत शीळ घालायची. लिफ्टच्या मोकळ्या खोबणीत कबुतरं घुमायची. चौकीदार बिशनने प्रथम सांगितलं, "साहब, ऊपर बंद फ्लैट में कोई बोलता है. एक आदमी बोलता है, फिर दीवार बोलती है."

"तू क्या पीता है दोपहर में?" मी म्हणालो.

पण दुसऱ्याच दिवशी जनकपुरीचे अरोरा साहेब बायकोला घेऊन फ्लॅट बघायला आले. मी त्यांना वर नेत होतो. बाहेर चटका बसणारं ऊन, जिन्यात अंधार. तिसऱ्या मजल्यावर पोचलो आणि वरून एक संथ आवाज आला, जणू विहिरीतून.

"कुठे आहेस?"

आणि भिंती म्हणाल्या, "...आहेस... हेस..."

अरोरीणबाईंनी नवऱ्याचा दंड धरला. "ये कौन सी भाषा है जी?"

मराठी, हे मला कळलं होतं. या इमारतीत मराठी घरं दोनच. त्यातलं एक माझं. पुन्हा शांतता. कबुतरंसुद्धा गप्प. मग एक बारीक आवाज आला. तो भिंतींसारखा विरत गेला नाही. मध्येच तुटला. अरोरा साहेब जिना उतरत होते तेव्हा त्यांच्या बायकोची एक सँडल माझ्या पायाशी होती.

मी वर गेलो. भीती होती, पण गिऱ्हाईक गेल्याचा संताप जास्त होता. दाराला आतली कडी अजून बसवलेली नव्हती, नुसतं भोक होतं. मी चोरासारखा वाकून त्याला डोळा लावला.

बैठकीच्या खोलीत भोइटे मास्तर भिंतीकडे तोंड करून उभे. मधल्या दारापलीकडे, दुसऱ्या रिकाम्या खोलीत, माझी जाई. तीही भिंतीकडे तोंड करून. तळहात भिंतीवर टेकलेले.

"मी इथे आहे," मास्तर म्हणाले. "ओव्हर."

"...ओव्हर... व्हर..." खोल्या म्हणाल्या.

मास्तर थांबले. किती थांबले! मी असतो तर तेवढ्यात तीन सौदे उरकले असते. जाईचे ओठ हलले. मग माझ्या मुलीने, सात वर्षं न बोललेल्या माझ्या मुलीने, भिंतीला सांगितलं, "ओ... व्हर."

आई नाही, बाबा नाही. ओव्हर. आणि तेही मला दाराच्या भोकातून मिळालं. हे रागाचं दुसरं कलम, आणि ते पहिल्यापेक्षा मोठं आहे.

मी दार ढकलून आत गेलो, खूप बोललो. किल्ल्या कोणी दिल्या, गिऱ्हाईक गेलं, पोरीला भुताच्या खेळात घातलं. माझा प्रत्येक शब्द घुमून माझ्याच अंगावर येत होता. जाई भिंतीला चिकटून बसली. मास्तर माझं संपेपर्यंत थांबले.

"शेठ, आपण उत्तराची वाट बघतो ना, ती तोंडावर दिसते. पोर घाबरतं. भिंत तोंडाकडे बघत नाही. ती आधी बोलून दाखवते, मग पोर तिच्यामागून बोलतं. रिकामं घरच लागतं त्याला. ओव्हर."

किल्ल्या सुनंदाने दिल्या होत्या. मी त्या परत मागितल्या नाहीत. अरोरांना सांगितलं, रेडिओ होता.

त्या वर्षात जाई भिंतींशी पुष्कळ बोलली. 'पाणी', 'नको', 'कबुतर'. माणसांशी एक शब्द नाही, पण रिकाम्या खोलीत बोलायची. आणि इकडे माझा धंदा चालू होता. एकेक फ्लॅट विकला जात होता. पडदे आले, पलंग आले, गाद्या आल्या. ज्या घरात सामान गेलं त्या घराचा आवाज मेला. मास्तर आणि जाई पुढच्या रिकाम्या घरात सरकायचे. असं करत एकच उरलं.

त्यालाही गिऱ्हाईक आलं तेव्हा मास्तर माझ्या ऑफिसात आले. "तो विकू नका. ओव्हर."

मी गप्प. तेही गप्प. कूलरमध्ये पाणी टपटपत होतं. पुन्हा मीच हरलो. "अहो मास्तर, घर माझं आहे का? मालकाने तार केलीय. आज मी नाही विकला तर उद्या दुसरा विकेल!"

फ्लॅट गेला. जाई पुन्हा गप्प झाली, पूर्वीपेक्षा जास्त. जिन्यातून जाताना दारांवर तळहात टेकवायची आणि आतून टीव्हीचा आवाज आला की हात काढून घ्यायची. सुनंदा जेवेना. मी मास्तरांना खाली फाटकाशी गाठलं.

"तुमचा फ्लॅट आहे ना रिकामा! काय ठेवलंय त्यात? तिथे का नाही शिकवत?"

मास्तरांनी फाटकाची कडी लावली. मग म्हणाले, "तिथे नको." आणि निघून गेले. ओव्हर म्हणाले नाहीत.

ते मला खटकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी भांडायच्या तयारीने वर गेलो. दाराला कुलूप. त्यांच्या वरच्या जिन्याच्या पायरीवर, थोडा गारवा होता तिथे, बसून राहिलो. काही वेळाने मास्तर पिशवी घेऊन आले. मी दिसलो नाही. त्यांनी कुलूप काढलं, दार उघडलं आणि उंबऱ्याबाहेरच उभं राहून आत म्हणाले,

"मी आलो. ओव्हर."

घर म्हणालं, "...आलो... ओव्हर..."

ते थांबले. मान जरा कलती, फोनवर लांबचं ऐकताना असते तशी. मग एकदा मान डोलावली आणि चपला काढून आत गेले. उघड्या दारातून मला त्यांची फौजेतली ट्रंक दिसली. ती बाल्कनीत ठेवलेली होती, उन्हात. घरात काहीसुद्धा नको म्हणून.

मी न भांडता खाली आलो. सुनंदाला म्हणालो, "माणूस वेडा आहे."

"त्यांनी आणि त्यांच्या बायकोने मिळून सोसायटीचे हप्ते भरलेले," ती म्हणाली. "आयुष्यभर त्या गावी, हे सीमेवर. आता एकत्र राहायचं म्हणून घर. ताबा मिळायच्या आधीच त्या गेल्या, अहो. सोफा कुठे, पलंग कुठे, सगळं त्यांनी ठरवून ठेवलं होतं म्हणे."

मला तो सोफा आठवला.

मी मास्तरांकडे पुन्हा विषय काढला नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण मी विषय सोडणारा माणूस नाही. आठवडाभराने तेच दाराशी आले. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री. "उद्यापासून जाईला माझ्याकडे पाठवा. ओव्हर."

"बरं," मी लगेच म्हणालो. या वेळी त्यांना ताटकळत ठेवलं नाही.

थंडी पडायच्या सुमारास एकदा मी जाईला आणायला निघालो. वीज गेलेली होती. जिन्यात मास्तर भेटले, हातात दुधाची पिशवी.

माझं डोकं फिरलं. "मास्तर! पोरीला वर एकटी सोडून दूध आणायला?"

"एकटी कुठे?" ते म्हणाले आणि ओव्हर न म्हणताच चढत राहिले.

माझ्या मानेवर पुन्हा तोच काटा आला. दार नुसतं ओढून घेतलेलं होतं. मास्तरांनी ते ढकललं, आणि मला वाटतं पुढचे शब्द जाईसाठी नव्हते, ते त्यांचं रोजचं होतं. उंबऱ्याबाहेर उभं राहून ते म्हणाले,

"मी आलो. ओव्हर."

"...आलो... ओव्हर..."

मास्तरांनी मान कलती केली. मीही ऐकत होतो. आत सगळं शांत. त्यांनी डोलवायला मान उचलली तेवढ्यात आतल्या खोलीतून जाईचा आवाज आला. मोठा, स्पष्ट. भिंतीच्या मागोमाग म्हटलेला नाही. तिचा स्वतःचा.

"या."

आणि त्याच्या पाठोपाठ त्या रिकाम्या घरातून तोच शब्द पुन्हा आला. जरासा जाड, जरासा सावकाश, मोठ्या बाईमाणसाचा असावा तसा. "...या..."

आवाज घुमतो, मला माहीत आहे. अशी रिकामी घरं मी आयुष्यभर विकली.

मास्तरांच्या हातातली पिशवी कलली आणि दूध थेंब थेंब चपलेवर पडू लागलं. जाई अजून मला बाबा म्हणालेली नव्हती. तो राग आपल्या जागी होताच. पण मी त्या दारात गप्प उभा राहिलो. आधी कोण बोलतं, याची मला अजिबात घाई नव्हती.