साडूचं विमान

धनंजय माझा साडू. बेंगळुरूला असतो, सासुरवाडीला विमानानं येतो आणि मला तो अजिबात बघवत नाही. (बायकोला सांगू नका. म्हणजे, तिला माहीत आहे.)

धोंड्याचा महिना लागला आणि सासूबाईंनी, सत्यभामाबाईंनी, दोन्ही जावयांना एकोडीला बोलावलं. मोठा जावई मी. पाय आधी माझे धुवायला हवेत की नाही? पण मागच्या खेपेला "इमानानं थकून आला पोरगा" म्हणत त्यांनी पहिला लोटा धनंजयच्या पायांवर ओतला! तेव्हापासून मी जळतोय. म्हणून यंदा ठरवलं, आधी पोहोचायचं.

नंदिनी, माझी बायको, माहेरी पुढं गेली होती. तिचा फोन आला.

"धनंजयभाऊचं इमान सुटलं जी! नऊशेच्या वर किलोमीटर, अन् पावणेदोन तासांत नागपूर!"

"मंग नागपूरवरून एकोडीले उडत येते का तो? मोटारनंच येईन ना! मी करडीवरून तासाभरात पोहोचतो."

"तरी निघा. इथं सारे मोबाईलमधी त्याचंच इमान पाहून राहिले."

माझी स्कूटर कधी पाहिली कोणी? मीही ते विमान मोबाईलवर लावलं, मोबाईल हँडलला अडकवला आणि निघालो. पिवळं विमान हैदराबाद सोडून वर सरकत होतं. माझ्या वाटेत जंगल लागलं आणि विमान थांबलं. जागच्या जागी! मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

टपरीवर गाडी लावली. "केवळरामभाऊ, साडूचं इमान अडकलं वर!"

"पाण्यापावसाचं अडकते जी," केवळराम म्हणाला. "आलूबोंडा देऊ?"

दोन खाल्ले. वर दोनदा चहा आणि दीडेक तास गप्पा. इतका चवदार आलूबोंडा मी जन्मात खाल्ला नव्हता. मग सहज विचारलं, "इथं रेंज येते ना?"

"इथं कायची रेंज? पुढं तलावाच्या पाळीवर जा लागते."

पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, पोहोचलो तर नकाशात विमानच नाही. ते केव्हाच नागपूरला उतरलं होतं!

मी धानाच्या धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, आडवाट धरली. धुरा पावसानं मऊ झालेला. गाडी घसरली आणि मी चिखल केलेल्या बांधीत, भाताच्या खाचरात, सपशेल पालथा. रोवणा करणाऱ्या बाया खो-खो हसल्या.

"धान उभा रोवतेत जी, आडवा नाही!"

एकोडीला पोहोचलो तेव्हा दारात पांढरी मोटार उभी. ओसरीत धनंजय खुर्चीवर, गोरे पाय पाटावर आणि सासूबाईंचा लोटा कललेला.

"थांबा आई!" मी ओरडलो. "मान माझा आहे!"

लोटा थांबला. सासूबाईंनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. (नेमकं डोकं कुठलं, हे कळायला त्यांना थोडा वेळ लागला.)

"बराबर आहे जी. मान तुमचाच. पयले तुमीच."

मी धनंजयकडे असं बघितलं की बस!

"पर लोट्यानं काय होते बापा," सासूबाई म्हणाल्या. "मोठ्या जवायाले बोरच्या मोटारीच्या धारेखाली उभं करा कोणी."

बटन धनंजयनं दाबलं.