रूपालीचं पावणं

रूपाली मोबाइलमधल्या एआयला ‘पावणं’ म्हणायची. प्रश्न टाइप करणं तिला पटायचं नाही. तिच्या गावाकडं, गारगोटीच्या बाजारात लांबून हाक मारावी तशा आवाजात ती त्याच्याशी बोलायची. “पावणं, दमानं सांगा की! वहीत उतरून घेतोय न्हवं मी.” राजारामपुरीतल्या आमच्या खोलीत दोन वर्षं मी हे ऐकलं.

अर्थशास्त्राच्या एम.ए.ला आम्ही वीसजण. बाकीचे एआयकडून अख्खी असाइनमेंट काढून घ्यायचे आणि वर आपलं नाव टाकून द्यायचे. मीसुद्धा. माझं काम पाच मिनिटांत उरकायचं. रूपाली त्याच विषयावर पावण्यांशी तास-तास भांडत बसायची. “लिवून देऊ नगासा म्हटलं न्हवं? नुसतं समजवा. लिवतो माझं मी.”

मी म्हणायची, “अगं, आयतं मिळतंय तर घे की.”

“उद्या पोरांस्नी शिकवाय उभारलो, तर पावण्यास्नी संगं न्यायचं व्हय?”

शेवटच्या सत्रात सरांनी भर वर्गात तिचा मागणीवरचा निबंध हातात धरला. “रूपाली, हे तुझं वाटत नाही. मशीननं लिहिलंय ना?”

आम्हा सगळ्यांचे निबंध त्यांच्या टेबलावरच होते. मी मान वर केली नाही.

रूपाली उठली, फळ्यापाशी गेली, खडू घेतला. मागणीचा आलेख काढला. “मीठ म्हागलं म्हणून अळणी कोण खातंय व्हय, सर? न्हाय. पर सोनं म्हागलं की खोट्या दागिन्यांवर लगीन हुतंय.” मग एकेक रेघ समजावत ती शेवटपर्यंत गेली. वही न बघता.

सरांनी निबंध तिच्या हातात दिला. “बस,” ते म्हणाले. “माझं चुकलं.”

संध्याकाळी तिनं चहा टाकला. मी विचारलं, “एवढं येतं तुला, मग वर्गात कधीच काही का विचारत नाहीस? सगळं त्या मोबाइललाच?”

ती चहा गाळत होती. “पयल्या आठवड्यात इचारलतं की. ज्येच्याकडं पैसंच न्हाईत, त्येला काय पायजे असलं, तर ती मागणी धरत्यात का? समदा वर्ग हसला माझ्या बोलण्याला.” गाळणी खाली ठेवत म्हणाली, “तू बी.”

मला ते आठवतही नव्हतं. त्याचीच जास्त लाज वाटली.

“पावणं हसत न्हाईत,” ती म्हणाली, आणि कप माझ्यापुढं सरकवला.

चहा तसाच निवला. शेवटी बॅगेतून मी माझा निबंध काढला. सरांनी त्यावर ‘उत्तम’ असा शेरा मारला होता.

“रूपाली, ह्यातलं मला काहीच कळलेलं नाही. समजावशील?”

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग मोबाइल पालथा ठेवला आणि शेजारी येऊन बसली.

“सरक तिकडं. कुठनं कळंना झालंय?”

“पहिल्या ओळीपासून.”