येथे हरिता राहते

मतदारयादी तपासायला आलेल्या एका शिक्षकांनी आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीतली मागची भिंत पाहिली आणि वही उघडून विचारलं, "या हरिता मॅडम कुठल्या फ्लॅटमध्ये? वय काय त्यांचं?"

पहिल्या मजल्याच्या खिडकीतून उत्तर आलं, "चाळीस कोटींच्या पुढे. घ्या यादीत!"

चूक शिक्षकांची नव्हती. भिंतीवर पाटीच तशी आहे : 'येथे हरिता राहते. हात लावू नये. घासू नये.' हरिता म्हणजे ओल्या भिंतीवर उगवणारी ती मऊ हिरवी गादी. आणि खिडकीतल्या बाई म्हणजे लिमये मॅडम, वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका. घरात एकट्याच असतात.

माझी त्यांची ओळख घसरण्यातून झाली. मी वाशीमकडची, आमच्या घरात कॉलेजला आलेली पहिलीच. तळमजल्यावर तिघींबरोबर खोली घेऊन राहते. मागच्या नळावर पाय सटकला आणि मी कुणाला तरी म्हणाले, "शेवाळावरून पडले."

"पडलात ते वाईट झालं," वरून आवाज आला. "शेवाळ म्हणालात ते त्याहून वाईट."

मॅडम भिंग घेऊन खाली उतरल्या. गुडघ्याला औषध मिळेल असं मला वाटलं होतं. मिळालं भिंग. "बघा. खोड आहे, पानं आहेत. मूळ मात्र नाही, नुसते केस. त्यावर भिंत धरून बसते. आता हिला शेवाळ म्हणाल?"

"नाही मॅडम."

"मग रविवारी या."

तेव्हापासून रविवारी सकाळी आम्ही दोघी भिंतीशी उकिडव्या बसतो. नळाजवळ चपट्या, फाटे फुटलेल्या यकृतका आहेत. त्यांचा आकार यकृतासारखा, म्हणून ते नाव. याच गोतावळ्यातल्या तिसऱ्या शृंगका, त्यांना बारीक शिंगं येतात. त्या मात्र आमच्याकडे नाहीत. "त्यांचं अजून ठरत नाहीये," मॅडम म्हणतात, एखाद्या स्थळाबद्दल बोलावं तसं. मला मॅडम नावाने हाक मारत नाहीत, 'अहो वाशीम' म्हणतात. हरितेला मात्र 'बाळ' म्हणतात. एकदा वाळून तपकिरी झालेल्या तुकड्यावर त्यांनी पाणी शिंपडलं. चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळात पानं उलगडून हिरवीगार झाली. मी टाळ्या वाजवल्या. नंतर लाज वाटली, पण मॅडमही हसत होत्या.

दिवाळीआधी सोसायटीची मीटिंग झाली. चेअरमन काका म्हणाले, "मॅडम, पाहुणे येतात. हिरवी भिंत बरी दिसत नाही."

"आपल्याकडे पाहुणे भिंत बघायला येतात? घरात बघण्यासारखं काही नाही वाटतं!"

सगळे हसले, आणि सगळ्यांनीच रंगाच्या बाजूने हात वर केले. विरोधात मॅडमचा एकच हात. मी भाडेकरू, मला मत नव्हतं.

रंगारी यायच्या दिवशी मॅडम सकाळीच बाहेर पडल्या. "सदाशिव पेठेत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाते," म्हणाल्या. "डोळ्यांना काही झालेलं नाही. इथे बघवणार नाही म्हणून."

मी कॉलेजातून परतले तेव्हा त्या फाटकाशी उभ्या होत्या. आत जायचं धाडस होत नसावं. मी म्हणाले, "चला ना मॅडम, मी आहे." हे बोलून मीच दचकले.

भिंत पांढरीशुभ्र झाली होती. पण पाटीखालची खाटेएवढी जागा तशीच हिरवी होती. कडेने रंग इतका जपून मारलेला, की एक शिंतोडाही आत नव्हता. वाघोलीहून आलेला रंगारी ब्रश धूत होता.

"हे का सोडलंत?" मॅडमनी विचारलं.

"वाचलं ना बाई. हरिता." त्याने आवाज खाली आणला. "लेक होती का तुमची? गेलेल्या माणसाची जागा हाय, म्हणलं, ब्रश कशाला फिरवायचा? चेअरमनसाहेबांना सांगितलं, तेबी गप झाले."

मतदारयादीवाल्यांनाही ज्यांनी सोडलं नाही त्या या बाई, आता याचं काय होणार! मॅडम भिंतीकडे बघत राहिल्या. चष्मा काढून पुसला.

"फार चांगलं केलंत," त्या म्हणाल्या. "वर चला. चहा घेऊन जा. वाशीम, तुम्हीही या."

चहा झाला. रंगाऱ्याला एक कप दिला, मला एक. स्वतः वाटीत ओतून घेतला आणि फुंकर मारत बसल्या. मी कप पुढे केला तर माझ्यावरच खेकसल्या.

"राहू द्या. घरात एकच कप होता माझ्या. तुम्ही रविवारी यायला लागलात म्हणून दुसरा आणला. आता हे पण यायला लागले, तर तिसरा आणावा लागणार. काय कटकट आहे!"

आणि बशीत बिस्किटं काढायला त्या इतक्या लगबगीने उठल्या, की वाटीतला चहा हिंदकळला.