बाईसाहेबांना हळद लागते

आमच्या सुरतेतल्या उधन्याच्या घराच्या गच्चीवर तीन पांढऱ्या कोंबड्या सुखाने नांदत होत्या. त्यांत भर घालायचं काही कारण नव्हतं. पण रविवारी मी बाजारात कांदे आणायला गेलो आणि दोन तलंगा (कोंबड्यांतल्या कॉलेजकुमारी म्हणा) आणि एक पिवळं पिल्लू घेऊन आलो. कांदे राहिलेच.

"अहो, तीन वयांची पाखरं एकदम एकत्र सोडणार?" रंजनाने विचारलं. "टोचून मारतील!"

"मिसळतील गं. आपण नाही का सुरतेत मिसळलो?"

थोरल्या कोंबडीला आम्ही बाईसाहेब म्हणतो. तिने स्वागताला चोचच पुढे केली. तलंगा पाण्याच्या टाकीमागे पळाल्या. पिल्लाला तेवढं पळता येईना. त्याच्या मानेवरची पिसं गेली, लाल चट्टा उठला. रंजनाने त्याला पदराखाली घेऊन कण्या भरवल्या, बारकू असं नाव ठेवलं आणि मला बजावलं, "याला काही झालं ना, तर तुम्हीपण गच्चीवर यायचं नाही." खरं सांगतो, त्या मूठभर पिल्लात माझाही जीव अडकला होता. रात्री दोनदा उठून मी त्याच्या खोक्यात डोकावलो.

आता मी पडलो डाइंग मिलमधला शेड मॅचिंगचा माणूस. दोन ताग्यांचा रंग जुळला नाही की व्यापारी कसा अंगावर येतो, हे मला रोज दिसतं. मला एकदम उलगडा झाला. बाईसाहेब पांढऱ्या; तलंगा पिवळसर, बारकू पिवळा. भांडण वयाचं नव्हतंच, शेडचं होतं!

रंजना बहिणीकडे पर्वत पाटियाला गेली आणि मी हळदीचा डबा काढला. (बारकूला पांढरा करणं अवघड. गडदवरून फिक्यावर जाता येत नाही, हा आमच्या धंद्याचा नियम.) बादलीत हळद कालवली आणि तिन्ही कोंबड्या एकेक करून बुचकळल्या. बाईसाहेबांनी माझं मनगट, कोपर आणि चष्मा, सगळ्यांचा समाचार घेतला.

"पप्पा, आ शुं करो छो?" आमची श्वेता जिन्यातूनच ओरडली. ती घाबरली की गुजरातीत बोलते.

"मॅचिंग!"

शेड अगदी बिनचूक आली होती. फक्त एक झालं. पिवळ्या झालेल्या कोंबड्यांनी एकमेकींना ओळखलंच नाही. कालपर्यंत बाईसाहेबांचं उष्टं खाणाऱ्या दोघी त्यांच्यावरच तुटून पडल्या. बाईसाहेब तलंगांवर धावल्या, तलंगा माझ्यावर आल्या आणि मी बारकूला शर्टात घालून जिन्याच्या दाराशी उभा राहिलो. तेवढ्यात दार उघडून रंजना आली.

तिने गच्चीकडे पाहिलं, मग माझ्या पिवळ्या हातांकडे.

"कोणाचं लग्न काढलंत?"

मी मॅचिंग समजावून सांगू लागलो. ती न ऐकता खाली गेली आणि कपाटातलं जांभळं नेटचं कापड घेऊन आली. (माझ्या हातून शेड चुकली म्हणून मिलने माझ्याच गळ्यात मारलेलं.) तिने गच्चीच्या मधोमध ते आडवं ताणून बांधलं. एका बाजूला थोरल्या, दुसऱ्या बाजूला तलंगा आणि बारकू.

"नुसतं दिसू दे एकमेकांना. डोळ्यांना सवय झाली की आपोआप घेतील."

आणि घेतलं हो! हळद उतरेपर्यंत दोन्हीकडची मंडळी नेटला चिकटून दाणे टिपू लागली. पडदा काढला त्या संध्याकाळी बारकू सरळ बाईसाहेबांच्या पंखाखाली शिरला आणि बाईसाहेबांनी पंख थोडा सैल केला. रंजनाने डोळे पुसले. मीही पुसले, पण चष्मा पुसल्यासारखं करून.

हर्षभराने मी पुढे झालो मात्र, पाचही जणी माझ्यावर धावल्या! हळदवाला माणूस त्या विसरल्या नव्हत्या.

"थांबा," म्हणत रंजनाने पडदा पुन्हा ताणला. पलीकडे स्टूल ठेवलं, त्यावर मला बसवलं आणि नेटखालून चहाचा कप सरकवला. "रोज असे बसा. नुसते दिसत राहा."

मी चहा पिऊ लागलो. बारकू तुरुतुरु आला, मान वाकडी करून त्याने मला न्याहाळलं आणि नेटमधून माझ्या पायाच्या अंगठ्यावर टोच मारली.

"चला, मिटली काळजी!" रंजना आनंदाने श्वेताला म्हणाली. "बारकूलाही टोचायला कोणीतरी मिळालं."