विसाजीपंतांनीं चौकडीचे लोकरी वस्त्रास कस आणिला ती हकीकत

श्रीकुलस्वामिनीचे पायीं मस्तक ठेवून, वडिलांचे तोंडून ऐकिलें तैसें लिहितों. शके सोळाशें ब्याण्णव, विकृतिनाम संवत्सरीं, भाद्रपद मासीं राज्यांत ऐसें वर्तलें कीं, महाराजांचे चाकरीस समुद्रापलीकडील डोंगराळ मुलुखाची एक पलटण होती, लोक शूर आणि थंडीचे सराईत, म्हणोन घाटाची चौकी त्यांजकडे सोंपविली होती. त्यांचा पोशाख म्हणजे कमरेपासून गुडघ्यापावेतों चुण्यांचें लोकरी वस्त्र, त्यास ते किल्ट म्हणत, आणि त्यावरील रंगीत चौकडी ही त्यांचे कुळाची खूण, जैसें आपल्याकडे देवक. तीं वस्त्रें विरून गेलीं आणि नवीं आणणारें गलबत वादळांत बुडालें. मग त्यांचे सरदार मक्रेसाहेब यांनीं अर्ज केला कीं, परक्या वेषांत आमचे लोक उभे राहत नाहींत, थंडीपूर्वी वस्त्रें न मिळतील तर निरोप द्यावा. घाट मोकळा पडता तर शत्रूस कोण अडविता? आणि घाटावरील गडाचे किल्लेदार रामाजीपंत, ते वस्त्रशाळेचे कारखानीस विसाजीपंत यांचे पाठचे बंधू. म्हणोन विसाजीपंतांनीं भर दरबारीं विडा उचलिला, परंतु त्यांचा जन्म शेले-शालूंत गेला होता, लोकरीचें ज्ञान कांबळें पांघरण्यापुरतें.

मग त्यांनीं घोंगड्या विणणारा मालू सणगर यास आणविलें आणि जुना किल्ट पुढें ठेविला. मालूनें चौकडी हुबेहूब उतरविली, परंतु मागावरून निघालेलें वस्त्र म्हणजे न न्हालेलें पोर, तेलकट आणि सैल. विसाजीपंतांस वाटलें, थंडीचें वस्त्र ऊबदार पाहिजे. म्हणोन पहिलें ठाण ऊन पाण्यांत रिठा घालून माणसांकडून तुडविलें. वस्त्र मऊ जाहलें, दाट जाहलें, आणि पंत हरखले. पण तें आटलें, लोकरीचे केस वर येऊन रंगांच्या रेषा पुसट जाहल्या, आणि चुणी घालावी तों फुगून उलगडे. मक्रेसाहेबांनीं तें हातीं घेऊन नम्रपणें सांगितलें कीं, हें पांघरावयास उत्तम आहे. दुसरे ठाणास घोंगडीप्रमाणें चिंचोक्यांची खळ दिली. चुण्या अशा बसल्या कीं सुरीची धार. परंतु पहिल्याच धुक्यांत खळ सुटली, वस्त्र चिकट होऊन पायांस लागलें आणि शिपायांच्या मांड्या सोलून निघाल्या.

आतां लोकर एका पलटणीपुरतीच उरली आणि उत्तरेचा वारा सुटला. विसाजीपंतांस अन्न गोड लागेना. रामाजीपंतांचा निरोप आला कीं, दादा, साहेबाचे लोक सामान बांधितात. तेव्हां पंत मालूपाशीं मागावर जाऊन बसले आणि म्हणाले, "मालू, आपण दोन्ही वेळां वस्त्रास कांहीं तरी चढवीत गेलों. ऊब चढविली, ताठा चढविला. कांहींच न चढविलें तर?"

मालू म्हणाला, "टोचंल, सरकार."

"टोचूं दे. उभें राहिलें म्हणजे झालें."

मग कडेच्या तुकड्यावर करून पाहिलें. थंड पाण्यांत न चोळतां मळ काढिला, अंगचें तेल थोडें राहूं दिलें, चौकटीवर ताणून सावलींत वाळविलें, केस कातरून काढिले, आणि चुण्या घालून ओलें फडकें मध्यें ठेवून ऊन लोखंडानें दाबिलें. वस्त्र कोरडें, भरीव, चौकडी लख्ख. परंतु दोनदा पोळलेला मनुष्य, एवढ्यानें विश्वास बसेना. पंतांनीं तो तुकडा धोतरावरून कमरेस गुंडाळिला आणि पहांटे दंवांत भिजल्या गवतांतून नदीपावेतों चालत गेले. तेथें पाणी भरणाऱ्या बाया पदर तोंडास लावून हंसल्या. पंत परत आले, अंगणांत वांकून चुण्या पाहिल्या, तों दंवाचे थेंब वरच्यावर उभे आणि चुणी एकही हलली नाहीं. त्यांचें कुटुंब उमाबाई दारांत उभ्या होत्या. पंत एवढेंच म्हणाले, "राहिलें." आणि तेथेंच पायरीवर बसून रडले.

मग अवघी लोकर तैसीच सिद्ध केली आणि वस्त्रें घेऊन पंत स्वतः घाटीं गेले. मक्रेसाहेबांनीं किल्ट नेसून पावसांत पहारा केला आणि सकाळीं येऊन म्हणाले, "पंत, टोचतें. आमचे आईनें विणलेलेंही असेंच टोचत असे." आणि शिपायांस बांधलेलें सामान सोडण्यास सांगितलें. रामाजीपंतांनीं बंधूंस पोटाशीं धरिलें. त्या हिंवाळ्यांत शत्रूनें दुरून पाहिलें, वाट बंद दिसली, आणि माघारीं गेला.

तात्पर्य: ज्या वस्त्रानें पांघरूण व्हावें त्यास तुडवावें, ज्यानें उभें राहावें त्यास ताणून दाबावें. राज्य सुखरूप राहिलें, पंतांस झोंप लागूं लागली. इतकें जाहलें.